मिठाची पुडी

४ दै

ही वही माझ्या लेकीने, नीगारने, दै महिना म्हणजे हिवाळा लागताच मला रक्तदाब लिहून ठेवायला दिली आहे. सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, झालं. पण एवढी कोरी पानं समोर असताना नुसते आकडे लिहायला माझा हात धजत नाही. आयुष्यभर शाळेत मुलींना शिवण शिकवलं. कापड वाया गेलेलं मला बघवत नाही, कागदही नाही.

रक्तदाब ठीक.

पानगळीच्या दिवसांत माझ्या हृदयाने दगा दिला, तेव्हापासून या घरात मी काचेची वस्तू झाले आहे. जिना चढायचा नाही, तबरीझच्या या थंडीत बाहेर पडायचं नाही, वाईट बातमी कानावर येऊ द्यायची नाही. टीव्हीवर कुठे भूकंप दाखवला की माझी ही लेक पटकन स्वयंपाकाचा कार्यक्रम लावते. त्यातही त्या बायका वांगी करपवतात, त्याचा मला जास्त त्रास होतो.

आणि आता तूबा दवाखान्यात आहे. माझी बहीण. दीड वर्षाने मोठी, आणि त्या दीड वर्षाच्या जोरावर जन्मभर माझ्यावर हुकूम चालवत आलेली. यल्दाच्या, वर्षातल्या सगळ्यांत लांब रात्री इथेच बसून कलिंगड खाल्लं, माझ्या डाळिंबांना नावं ठेवली, आणि खोकत खोकत घरी गेली. आता म्हणे फुप्फुसात पाणी झालंय. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, त्यामुळे फोनवर बोलता येत नाही. नवऱ्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत.

"मी जाणार," मी म्हटलं.

"आई, तो वॉर्ड तापाच्या लोकांनी भरलाय. बाहेर गुडघाभर बर्फ आहे. तू पडलीस तर मी दोघींकडे कशी बघू?" नीगार म्हणाली.

बरं. मी जाणार नाही. माझं सूप जाईल.

५ दै

रक्तदाब ठीक.

आईचं सूप म्हणजे कोवळा कोंबडा, कोंबडी नाही. कोंबडीने अंगात थंडी धरते असं आई म्हणायची. कांदा मोठा मोठा चिरून, हळद, रात्रभर भिजवलेले जव, दोन गाजरं. आच इतकी मंद की पाणी नुसतं हललं पाहिजे, उकळता कामा नये. इथवर तूबाचं आणि माझं एकमत आहे. भांडण पुढे आहे.

मी त्यात मूठभर सुके आलुबुखार घालते, कारण आई घालायची. तूबा आच बंद करून कच्च्या द्राक्षांचा रस घालते, आणि कुराणावर हात ठेवून सांगते की आई तोच घालायची. दर उन्हाळ्यात बाटल्या भरभरून तो रस काढते. या एका गोष्टीवरून एका नवरोजला आम्ही एकमेकींच्या घरी गेलो नव्हतो. दोघींचे नवरे मधल्या मधे मिठाई पोचवत होते.

दुपारी याकूब आग़ा आले. तूबाचा नवरा. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला, बोलणं म्हणजे जेवढ्यास तेवढं. निळ्या कडीच्या डब्यात सूप भरून दिलं, डबा शालीत गुंडाळला.

"तिला सांगा, गरम असतानाच प्यायचं."

"सांगतो, खानम."

"आणि आलुबुखार काढून टाकायचे नाहीत."

यावर ते डबा उचलून चालू लागले. शहाणा माणूस.

६ दै

डबा परत आला. आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काहीतरी घालून देतात; चार बदाम, खडीसाखर, निदान अंगणातलं एखादं फूल. तूबाने काय पाठवावं? दवाखान्याच्या ताटातली मिठाची पुडी!

"म्हणाली, मलाहतला सांगा, कोंबडा शिजवलास की नुसती आंघोळ घातलीस त्याला," याकूब आग़ा जमिनीकडे बघत म्हणाले.

"मुखवट्यातून एवढं बोलली?"

"मुखवटा काढला होता त्यासाठी."

मी इतकी हसले की नीगार धावत आली, हृदयाला काही झालं का बघायला. खरं तर मीठ कमीच पडलं होतं. माझ्या पथ्यामुळे नीगारने मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवलाय आणि मी टाचा उंचावून हाताला लागेल तेवढीच चिमूट टाकते. पण तूबाला हे कशाला सांगू? पुडी मी खिडकीत ठेवून दिली.

९ दै

रोज सूप जातं, रोज एक टोमणा येतो. काल: जव कच्चे राहिलेत, माझी कवळी काढून ठेवलीय हे तुला माहीत नाही का. परवा: हे सूप आहे की मुरांबा, आलुबुखार वेचता वेचता दमले. आज डब्यात अर्धं सफरचंद आलं, दात लागलेलं, आणि निरोप: याच्यात तुझ्या सूपपेक्षा जास्त चव आहे.

अर्धं सफरचंद म्हणजे तिला खावंसं वाटू लागलंय. आजारी माणूस चिडचिड करतं तोवर काळजी नसते. आईही असंच म्हणायची. आज मला शांत झोप लागेल.

१२ दै

बर्फ थांबायचं नाव नाही. नळात पाणी गोठलं. सूप पाठवलं, डबा संध्याकाळपर्यंत परत आला नाही. याकूब आग़ांचा फोन लागत नाही. नीगार म्हणाली, रस्ता बंद असेल.

मला धाकधूक होते आहे. उगाच. रक्तदाब लिहीत नाही, नीगार बघेल.

१४ दै

काल आणि आज कुणीच आलं नाही. नीगार सकाळी लवकर बाहेर पडली आणि अंधार पडताना आली. कचेरीत काम होतं म्हणे. डोळे सुजलेले. विचारलं तर म्हणाली, सर्दी झालीय. मी म्हटलं, ये, वाफ देते. तर माझ्या गळ्यातच पडली. एवढी मोठी बाई, सर्दीने रडते! लाडाने वाढवली त्याचे परिणाम.

आपला फोनही बंद पडलाय. बर्फाने तार तुटली असेल, असं ती म्हणाली. आणि माझा मोबाईल तिने दुरुस्तीला नेलाय. त्याला काय झालं होतं मला आठवत नाही.

"तूबामावशी बरी आहे. झोपून असते, एवढंच," ती म्हणाली.

"सूप?"

"तेही... हो. विचारत होती सूपचं."

विचारणारच. सवय लागली की.

१५ दै

याकूब आग़ा आले! डबा आणला होता. माझा जीव भांड्यात पडला.

पण माणसाची काय अवस्था झाली आहे. गालावर दाढीची खुंटं, डोळे खोल गेलेले. तूबा दवाखान्यात म्हणजे यांच्या जेवणाची आबाळ होणारच. स्वयंपाकघरात इतकं ऊबदार असून कोट काढायला तयार नाहीत, गळ्यापर्यंत बटणं लावून बसले.

"दाढी तरी करत जा," मी म्हटलं. "तिने तुम्हाला असं पाहिलं तर तिचा ताप वाढेल."

ते मान हलवत राहिले.

"काय म्हणाली? आज काय नाव ठेवलं?"

ते म्हणाले, "छान झालं होतं म्हणाली. फार छान झालं होतं."

मी कान पुढे केला. "कोण? तूबा?"

"हो."

"छान म्हणाली?"

"फार छान."

सत्तर वर्षांत पहिल्यांदा! मी हाक मारून नीगारला वरून खाली बोलावलं आणि परत सांगायला लावलं. त्यांनी परत सांगितलं. नीगार पाठ फिरवून चहा गाळत राहिली. माझ्या विजयाचं कुणाला काही कौतुक नाही. पण मी इथे लिहून ठेवते: पंधरा दै, तूबाने हार मानली.

१७ दै

रक्तदाब उत्तम. हृदयाला कौतुकाचं औषध लागतं हे डॉक्टरांना कुणीतरी सांगायला हवं.

आजचा निरोप: अगदी मऊ शिजलं होतं. कालचा: देव तुझ्या हाताला यश देवो.

कोणता देव, कोणतं यश? तूबा अशी बोलत नाही. आजारपणाने माणूस मऊ होतो, तसं असेल. मी याकूब आग़ांना म्हटलं, "तिला म्हणावं, इतकी गोड बोलू नकोस, माझी साखर वाढेल." ते हसले नाहीत.

शेजारची एशरत भेटायला आली. आल्या आल्या मला मिठी मारली आणि सोडेचना. "देव तुला धीर देवो, मलाहत," म्हणाली. नीगार आतून चटकन आली. "हो ना, एशरत खानम, पथ्याचा फार कंटाळा आलाय आईला!" एशरतने माझ्याकडे पाहिलं, नीगारकडे पाहिलं, आणि मग पथ्यावर बोलत बसली. स्वतः कणीभर पथ्य न पाळणारी बाई.

२० दै

आज नीगार पुन्हा दिवसभर बाहेर. काळा झगा घालून गेली. मी म्हटलं, हा तुला शोभत नाही, चेहरा पिवळा दिसतो. म्हणाली, कचेरीत सगळे काळेच घालतात.

संध्याकाळी याकूब आग़ा डबा देऊन उभ्या उभ्या निघून गेले. उघडून पाहिलं तर आत खजूर, बी काढून अक्रोड भरलेले. मयताच्या घरी सातव्याला वाटतात तसले. मी क्षणभर डबा तसाच धरून उभी राहिले. मग स्वतःलाच झापलं. थंडीचे दिवस आहेत, खजूर उष्ण, कुणीतरी आजाऱ्याला आणून दिले असतील. पुरुषमाणसाला काय कळतं, कोणत्या भांड्यात काय घालावं.

पण खाल्ला नाही मी एकही.

२२ दै

निरोप: तुझ्या हातचं प्यायलं की बरं वाटतं.

मला बरं वाटत नाही. हे कौतुक मला नको आहे. आज सूप ढवळताना मी मोठ्याने म्हटलं, "तूबा, एकदा शिवी घाल ना गं." नीगारने ऐकलं असावं. जिन्यावर पावलं वाजली आणि थांबली, आणि परत वर गेली.

खिडकीत ती मिठाची पुडी आहे. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून पेल्याखाली ठेवली.

२३ दै

आज सूपमध्ये मीठ घातलं नाही.

विसरले नाही. घातलं नाही. स्टूल घेऊन वरच्या फळीवरचा डबा काढला, हातात धरला, आणि परत ठेवला. गाजराने आलेला गोडवा आणि आलुबुखाराचा आंबटपणा, एवढंच. मी चमचाभर चाखलं, घशाखाली उतरेना. असं सूप शत्रूलाही देऊ नये. मी ते डब्यात भरलं, शालीत गुंडाळलं आणि याकूब आग़ांच्या हातात दिलं.

उद्या डब्यातून काहीही येऊ दे. मिठाची पुडी येऊ दे, मिठाचं पोतं येऊ दे. "मलाहत, म्हातारपणी जीभ पण गेली का तुझी" असं येऊ दे. मी या वयात स्वयंपाकघरात नाचेन, हृदय गेलं खड्ड्यात.

२४ दै

बेदाणे.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

याकूब आग़ा म्हणाले, "अगदी तुमच्या आईच्या हातचं झालं होतं, म्हणाली."

मी बेदाणे काढून घेतले. डबा धुतला. पुसला. ते गेल्यावर पुन्हा धुतला.

२५ दै

माझी बहीण नाही.

कधी, ते मला माहीत नाही. बारा तारखेला रस्ता बंद होता म्हणे. तेव्हा असेल. म्हणजे मी पंधरा दैला "तूबाने हार मानली" असं जे लिहिलं, तेव्हा ती मातीत होती, आणि मी हाक मारून लेकीला आनंदाची बातमी सांगत होते. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

२६ दै

मी कुणाला काही बोललेले नाही. नीगार सकाळी रक्तदाब बघायला आली, मी हात पुढे केला. आकडा बघून तिचा चेहरा उतरला. "काही होतंय का आई?" "काही नाही. झोप नाही लागली." आता आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवतो आहोत.

मला राग आहे. लिहूनच टाकते. तिला आंघोळ घातली तेव्हा मी नव्हते. कफन कुणी शिवलं? या तबरीझमध्ये माझ्याइतकी सरळ टीप कुणाची आहे? तिसरा झाला, सातवा झाला, शेजारीपाजारी रडून आले, त्या एशरतने खजूर खाल्ले असतील, आणि मी, सख्खी बहीण, इथे जव भिजवत बसले. माझं हृदय वाचावं म्हणून. माझं हृदय मला न विचारता!

आणि तरी, मी नीगारच्या जागी असते तर हेच केलं असतं. आमच्याकडे असंच करतात. आईला तिच्या भावाची बातमी आम्ही उन्हाळा येईपर्यंत दिली नव्हती; तूबाने आणि मी मिळून खोटी पत्रं वाचून दाखवली होती. पत्रं तूबा रचायची. चांगली रचायची.

२८ दै

सूप पाठवते आहेच. का, हे मलाही धड सांगता येत नाही. थांबवलं तर बोलावं लागेल, बोललं तर ते खरं होईल.

आणि दुसरंही एक आहे. डबा रोज चाटूनपुसून परत येतो. मग सूप जातं कुठे? आज याकूब आग़ांनी डबा घेतला. झाकणाच्या फटीतून वाफ येत होती, ती त्यांनी नकळत हुंगली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या घरात दुसरं काही शिजत नसणार. त्या माणसाला चूल पेटवता येत नाही. चहासुद्धा तूबाच द्यायची, आणि देताना एक टोमणा. ते माझ्याकडे निरोप घेऊन यायचे ते माझ्यासाठी, आणि डबा घेऊन जायचे ते स्वतःसाठी.

म्हणजे बिनमिठाचं ते सूप त्यांनी प्यायलं. सगळं. आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, तुमच्या आईच्या हातचं.

आज मी कोंबड्याची तंगडी जास्त घातली.

२ बहमन

ठरवलं. दै संपून बहमन महिना लागला; असाच तिचा चाळिसावा दिवसही येईल आणि जाईल, आणि मी घरातच. मला तिच्या कबरीवर जायचं आहे. तिच्यासाठी फातिहाची प्रार्थना म्हणायची आहे आणि दोन गोष्टी सुनवायच्या आहेत.

नीगारशी आधी बोलले तर ती गोळ्यांची डबी घेऊन रडत बसेल. याकूब आग़ांशीच बोलायला हवं. पण त्या माणसाला सरळ विचारून उपयोग नाही. सभ्य माणूस, मरेल पण समोरच्याला वाईट वाटू देणार नाही.

४ बहमन

आज जे झालं ते आठवेल तसं लिहिते.

दुपारी याकूब आग़ा आले. मी डबा तयार ठेवला नव्हता. टेबलावर दोन वाडगे मांडले होते.

"बसा," मी म्हटलं. "आज इथेच घ्या. रोज तिच्यासाठी नेता, स्वतः कधी चाखलंय का?"

"नको, खानम. तुम्हाला कशाला त्रास. ती वाट बघत असेल."

"बघू दे. तिला सवय आहे."

बसले. कोट तसाच, गळ्यापर्यंत. मी वाढलं. आजही मीठ घातलं नव्हतं. त्यांनी चमचा तोंडात घातला, गिळला. दुसरा घातला. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. मी माझा चमचा खाली ठेवला.

"कसं झालंय?"

"फार छान. तुमच्या हाताला..."

"याकूब आग़ा. कसं झालंय?"

"उत्तम झालंय, खानम. खरंच."

मी उठले. खिडकीतला पेला उचलला, ती पुडी आणली आणि त्यांच्या वाडग्याशेजारी ठेवली. दवाखान्याचा शिक्का अजून दिसत होता तिच्यावर. ते तिच्याकडे बघत राहिले. बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं.

"तूबाने विचारलं असतं तर काय सांगितलं असतं तुम्ही?" मी म्हटलं. "तिला खोटं चालायचं नाही. ती विचारतेय असं समजा. कसं झालंय?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. वाडगा दोन्ही हातांनी धरला.

"मीठ नाही, खानम."

"नाही ना?"

"अजिबात नाही. त्या दिवशीही नव्हतं." मग एकदम सगळंच बाहेर पडलं. "मला काय बोलावं सुचेना. ती काय बोलली असती ते मला माहीत होतं, रोज वाटेत जुळवत यायचो. पण इथे आलो की तोंडातून निघायचं नाही. तिच्यासारखं बोलायला जमत नाही मला. मला फक्त छान म्हणता येतं."

"कधी गेली?"

"बाराला. पहाटे. माती दिली चौदाला, बर्फामुळे." त्यांनी वाडगा बाजूला सरकवला. "बाराचं सूप घेऊन पोचलो तेव्हा पलंग रिकामा होता. डबा गरम होता."

मग त्यांनी कोटाची बटणं काढली. आत काळा सदरा होता. इतके दिवस, या उकडत्या स्वयंपाकघरात, माझ्यासाठी. मी त्यांना म्हटलं, कोट काढा आता. आणि मग मी रडले. ते रडले. दाराशी नीगार उभी होती, तिला कधीपासून ऐकू येत होतं कोण जाणे. ती जमिनीवर बसून माझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडली. मी तिला एक चापट मारली आणि मग तिचे केस कुरवाळले. गोळी तिने मागाहून दिली, मी घेतली.

मला काही झालं नाही. दुखलं खूप, पण हृदय चालूच राहिलं. त्यांनी माझ्यावर थोडा भरवसा ठेवायला हवा होता.

शेवटी मी पुडी फोडली आणि दोन्ही वाडग्यांत टाकली. सूप निवलं होतं तरी प्यायलो.

"आता कसं?" मी विचारलं.

याकूब आग़ांनी आणखी एक चमचा चावून पाहिला. "जव थोडे कच्चे आहेत," ते म्हणाले.

६ बहमन

डबा परत आला. आत एक बाटली होती, कच्च्या द्राक्षांच्या रसाची. झाकणाला तूबाच्या हातचं फडकं बांधलेलं, गाठ नेहमीसारखी वाकडी. गेल्या उन्हाळ्यातली. त्यांच्या फळीवर ही एकच उरली होती.

"आतापासून रोज इथे जेवायला यायचं," मी याकूब आग़ांना सांगितलं. "आणि खरं बोलायचं."

"प्रयत्न करतो, खानम."

२३ बहमन

रक्तदाब माहीत नाही, बघितला नाही.

आज तूबाचा चाळिसावा. नीगारने मला दोन स्वेटर आणि तिच्या बापाचा जुना कोट घालून कबरस्तानात नेलं. बर्फ झाडून मी दगडावर हात ठेवला. थंडगार. फातिहा म्हटला. ज्या दोन गोष्टी सुनवायच्या होत्या त्यांतली एकच सुनवली. दुसरी आता आठवत नाही.

घरी आल्यावर आलेल्यांसाठी सूप केलं. मोठं पातेलं भरून, मीठ घालून. आच बंद केली आणि तिची बाटली उघडली. हात थोडा अडखळला, पण ओतली. सगळी ओतली. आलुबुखाराला हात लावला नाही. एशरत दोनदा घेऊन गेली. याकूब आग़ांनी वाडगा संपवून माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली, म्हणजे खरंच आवडलं होतं.

मीही चाखलं. चांगलं झालं होतं. पाहिजे तेवढंच आंबट, घशाला ऊब देणारं.

पण आई असं करत नव्हती.